परक्यापाशी मन उघडे करावे काय?

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत संसारातील प्रश्नांस कधी तोटा नसतो. मुलीने शिक्षणासाठी परगावी एकटीने राहावे काय, वडिलांच्या मागे घराची वाटणी कशी करावी, परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे म्हाताऱ्या आईबापांनी जाऊन राहावे की नाही, असे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो आहो. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "घरातील एका माणसाचे मन थाऱ्यावर नाही. कोणी म्हणते, थेरपी सुरू करावी. करावी काय?" अशा पत्राखाली बहुधा सही नसते, असलीच तर नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती असते. संधिवाताविषयी किंवा मधुमेहाविषयी लिहिणारे वाचक असली विनंती कधी करीत नाहीत. ह्या प्रश्नाचे ओझे किती आहे हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

प्रश्न एका ओळीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात तीन प्रश्न दडलेले असतात. हे दुखणे म्हणावयाचे की स्वभाव? घरात एवढी माणसे असता परक्याकडे कशासाठी जावयाचे? आणि लोकांस कळले तर काय? ह्या तिन्ही प्रश्नांचा विचार आम्ही आमच्या परिचयाच्या एका घरातील हकीकतीच्या आधारे करणार आहो. हकीकत जिची आहे तिच्या संमतीनेच ती येथे देत आहो, आणि घर ओळखू येईल असा तपशील गाळला आहे.

हे घर पुण्यातील. जुना वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली तेव्हा ह्या कुटुंबाने एकाच मजल्यावर लागून असलेली तीन बिऱ्हाडे घेतली. निजावयाच्या जागा वेगळ्या झाल्या, पण स्वयंपाक एकत्रच राहिला. घरात सेवानिवृत्त मुख्याध्यापक असलेले सासरे, त्यांची विधवा बहीण, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. थोरली सून बँकेत नोकरीस आहे. तिच्या सासूबाईंस अर्धांगवायूचा झटका आला, त्या अंथरुणास खिळल्या, आणि पुढे तीन वर्षे उठल्या नाहीत. दिवसा मदतीस बाई असे. रात्र मात्र थोरलीकडे. सासूबाईंची वाचा गेली होती, म्हणून देवघरातील लहान पितळी घंटा त्यांच्या चालत्या हाताशी ठेवलेली असे. घंटा वाजली की थोरलीने उठावे, पाणी पाजावे, कूस बदलावी, अंथरूण भिजले असल्यास बदलावे. तीन वर्षांत तिने एकदाही कुरकुर केली नाही, असे सारे घर आजही अभिमानाने सांगते.

सासूबाई गेल्या. दिवसकार्य झाले. घंटा घासूनपुसून पुन्हा देवघरात गेली. सर्वांनी तिला सांगितले, "पुष्कळ केलेस, आता जरा विसावा घे." आणि नेमका विसावाच तिच्या वाट्यास येईना. रात्री दोनच्या सुमारास झोपेत घंटा वाजल्यासारखे होऊन ती दचकून उठे. पुरती जाग आली की आवाज नाही हे तिला कळे, पण मग पहाटेपर्यंत डोळा लागत नसे. बँकेत वीस वर्षांत न झालेल्या चुका होऊ लागल्या. जेवणावरची वासना उडाली. एका सणाच्या दिवशी नैवेद्याचे ताट वाढता वाढता ती मध्येच थांबली आणि हातात पळी धरून भिंतीकडे पाहत उभी राहिली, हे धाकट्या जावेने पाहिले. असे चार महिने गेले.

घरातील माणसे काही दगड नव्हती. प्रत्येकाने आपापल्या परीने उपाय सुचविला. आत्याबाई म्हणाल्या, गाणगापुरास जाऊन यावे. नवऱ्याने महाबळेश्वरची खोली ठरविली. धाकट्या दिराने ध्यान शिकविणारे एक ॲप तिच्या मोबाईलवर घालून दिले. सासऱ्यांचे मत असे की, मन रिकामे राहिले म्हणजे भरकटते, तेव्हा काम वाढवावे. शेवटी एके रविवारी जेवणानंतर धाकटी जाऊ धीर करून म्हणाली, "वहिनींना एखाद्या समुपदेशकाकडे नेऊन पाहिले तर?" त्यावर सर्वजण गप्प झाले. आम्ही त्या दिवशी तेथे जेवावयास होतो, म्हणून ती शांतता आम्हांसही आठवते.

आता पहिला प्रश्न घेऊ. शोक हे दुखणे नव्हे. ज्या घरातील माणूस गेले तेथे रडू येणारच, अन्न गोड लागणार नाही, झोप मोडेल. तो शोक बहुधा लाटेसारखा येतो आणि जातो, आणि दिवस लोटतील तशी दोन लाटांमधील उसंत वाढत जाते. परंतु मन उदास आहे किंवा कोणत्याच गोष्टीत गोडी वाटत नाही, आणि हे बहुतेक सारा दिवस, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे किंवा अधिक चालले आहे. त्यातच झोप, भूक, अंगातील शक्ती, चित्ताची एकाग्रता बिघडली आहे आणि आपण नालायक आहो, अपराधी आहो असे वाटत आहे, तर वैद्यकशास्त्र नैराश्याच्या आजाराची शंका घेते. दवाखान्यांतून ह्यासाठी नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली वापरली जाते, आणि तिचाही रोख 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?' ह्यावरच असतो. म्हणून 'हे वेड तर नव्हे?' हा घरोघर कुजबुजला जाणारा प्रश्न आम्हांस निरुपयोगी वाटतो. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावे: किती दिवस झाले? आणि नित्याचे काय काय अडले?

हे विचारल्यावर प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले, रक्तक्षय झाला किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस थकलेला, उदास आणि विसराळू दिसू लागतो. ब-१२ ची उणीव शाकाहारी घरांतून विशेष आढळते, म्हणून आमच्या बहुसंख्य वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. रक्ताच्या साध्या तपासणीने ही शंका मिटते. ह्या बाईंची तपासणी झाली. तीत काही निघाले नाही.

असली दुखणी आपल्याकडे विरळा असतात, ही समजूतही टिकण्यासारखी नाही. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे दहांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. आणि निरनिराळ्या आजारांत मिळून शेकडा ७० ते ९२ रुग्णांस उपचारच मिळत नव्हते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता हे खरे. परंतु आपण तेवढे निराळे, असे मानण्यास काही आधार आहे असे आम्हांस वाटत नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड, आणि तो त्या रविवारी सासऱ्यांनी मोठ्या मार्मिकपणे मांडला. ते गीतेचे व्यासंगी आहेत. ते म्हणाले, "विषाद आम्हांस ठाऊक नाही असे नव्हे. गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा. पण अर्जुन काही पैसे मोजून परक्याकडे गेला नाही. त्याचा विषाद ज्याने घालविला तो त्याचा सख्खा मामेभाऊ होता. घरात दहा माणसे आहेत, त्यांच्याशी बोलावे!"

युक्तिवाद ऐकताक्षणी पटण्यासारखा होता. परंतु त्या रात्री घरी आल्यावर आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला, आणि दोन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. श्रीकृष्ण अर्जुनाचा मामेभाऊ होता हे खरेच. पण त्या रणांगणावर ह्या युद्धात शस्त्र न धरण्याचा पण करून उभा असलेला तोच होता. भीम, युधिष्ठिर, द्रौपदी, कुंती ह्यांपैकी कोणाही जवळच्या माणसापाशी अर्जुनाने 'मला लढावयाचे नाही' असे म्हटले असते, तर त्या प्रत्येकाचे त्यात काही ना काही पणास लागलेले होते. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या अध्यायात उपदेश नाही. तेथे अर्जुन बोलतो आणि श्रीकृष्ण बहुतेक ऐकतो; उपदेशास आरंभ होतो तो दुसऱ्या अध्यायात. आपल्या घरांतून नेमके उलटे घडते. दुःखी माणसाचे पहिले वाक्य पुरते होण्यापूर्वीच आपण त्यास दुसऱ्या अध्यायात नेऊन बसवितो.

ह्या बाईंच्या मनात काय होते ते त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. पुढे त्यांनीच आम्हांस सांगितले. सासूबाईंचा श्वास थांबला तेव्हा त्या उशाशी होत्या, आणि त्या क्षणी त्यांच्या मनात जो पहिला विचार आला तो असा: 'आता रात्री उठावे लागणार नाही.' विचार आला आणि गेला. परंतु त्या एका क्षणाच्या सुटकेबद्दल त्यांनी स्वतःस त्यानंतर रोज रात्री शिक्षा केली. तीन वर्षांची सेवा त्यांच्या लेखी खोटी ठरली.

ही गोष्ट त्यांनी घरात कोणापाशी बोलावयाची होती? नवऱ्यापाशी? त्याची ती आई. सासऱ्यांपाशी? त्यांची ती पन्नास वर्षांची सहधर्मचारिणी. आत्याबाईंपाशी? त्यांची ती वहिनी. जाऊ प्रेमळ खरी, पण उद्या काही शब्दास शब्द लागला तर हे वाक्य परत येणार नाही असा भरवसा कोणी द्यावा? माहेरी सांगावे तर म्हातारी आई त्याच काळजीने झुरावयाची. घरातील माणसांचे प्रेम कमी पडले असे येथे कोणी समजू नये. जो तो प्रेमाने बांधलेला होता म्हणूनच ते वाक्य कोणासही सांगता येत नव्हते. एकत्र कुटुंबात ऐकणारी माणसे पुष्कळ असतात, परंतु ज्याचे काहीच पणास लागलेले नाही असा ऐकणारा त्यांत क्वचितच सापडतो. तो बाहेरून आणावा लागतो, आणि ह्या कामापुरता त्याचा परकेपणा हाच त्याचा मोठा गुण ठरतो.

अर्थात नुसता परका असून भागत नाही. त्यास त्या विद्येचे शिक्षण हवे. ही विद्या काल-परवाची किंवा केवळ पाश्चात्त्यांची आहे अशीही एक समजूत दिसते. वस्तुतः गिरींद्रशेखर बोस ह्यांनी कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था १९२२ साली स्थापिली, म्हणजे ह्या गोष्टीस शंभरांहून अधिक वर्षे होऊन गेली. पुढे अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिस ह्यांनी आणि १९६० नंतरच्या दशकात ॲरन बेक ह्यांनी अशा पद्धती घडविल्या की, ज्यांत रुग्णाच्या बाळपणाचा शोध घेत वर्षे घालविण्यापेक्षा आज त्याच्या मनात येणारा विचार कितपत खरा, कितपत विवेकाचा, ह्याची त्याच्याकडूनच छाननी करवून घेतली जाते. एलिस ह्यांची पद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे काम कि. मो. फडके ह्यांनी केले, आणि विवेकनिष्ठ मानसोपचार ह्या नावाने ती मराठी वाचकांस परिचित आहे. समर्थांचे मनाचे श्लोक ज्यांनी लहानपणी पाठ केले आहेत त्यांस मनाशी बोलून मनास वळण लावण्याची ही कल्पना अगदीच अनोळखी वाटू नये. पारायण, जप, ध्यान सोडावे असे कोणताही शहाणा मानसोपचारक सांगत नाही. ज्यास त्यातून बळ मिळते त्याने ते अवश्य चालू ठेवावे.

ह्या बोलण्याने खरोखर गुण येतो काय? ह्याचे उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, नैराश्याने बऱ्याच पीडलेल्या सुमारे ५०० रुग्णांवर डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, व त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्यांस नेहमीचे उपचार देण्यात आले. उरलेल्या निम्म्यांस त्याशिवाय सहा ते आठ बैठकींचे समुपदेशनही मिळाले. हे समुपदेशन करणारे कोणी डॉक्टर नव्हते. ह्याच कामाचे शिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहता पहिल्या गटात शेकडा ३९ जण आजारातून मोकळे झाले होते, तर दुसऱ्या गटात शेकडा ६४. सर्वांस गुण आला नाही हेही ह्याच आकड्यांवरून दिसते, आणि ते लपविण्याचे कारण नाही.

आता तिसरा प्रश्न, लोकांचा. आत्याबाईंनी तो त्या रविवारी हलक्या आवाजात, पण स्पष्ट काढला. "थोरल्या नातीला स्थळे पाहावयाची आहेत. हिची आई मनाच्या डॉक्टरकडे जाते असे झाले तर?" ही भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही, ती अनुभवातून आलेली असते. एके काळी कायद्याची भाषाच तशी होती. १९१२ चा कायदा अशा रुग्णांस सरसकट वेडे म्हणत असे. तो जाऊन १९८७ चा कायदा आला, आणि त्याच्याही जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. तो २०१८ पासून अमलात आहे. ह्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा त्याचा हक्क ठरविला आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असे सांगितले आहे. समुपदेशक आपल्याकडे बोललेले नवऱ्यासही सांगत नाही, सासऱ्यांसही नाही. ह्यास अपवाद मोजके असतात: रुग्णाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवास धोका असणे, न्यायालयाचा हुकूम असणे, किंवा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड होणे. ह्या शेवटच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याने माहिती देणे सक्तीचेच आहे. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगतो.

लग्नाच्या बाबतीत आमचे म्हणणे एवढेच की, गंभीर आजार लपवून सोयरीक जुळविणे आम्हांस मान्य नाही. परंतु आईने दुःखाच्या दिवसांत समुपदेशकाशी दहा-बारा वेळा बोलणे हा कुळास लागलेला डाग नव्हे. शिवाय घरातील बाई निजत नाही, जेवत नाही, बँकेत चुका करते, हे लोकांस दिसतच असते. लोक बोलावयाचे ते दुखण्याबद्दल बोलतात. उपचाराने दुखणे ओसरले तर बोलण्याचा विषयही ओसरतो.

इतके सारे बोलणे झाल्यावर एक गोष्ट धाकट्या जावेच्याच ध्यानात आली. ती म्हणाली, "आपण सगळे ठरवतो आहोत, वहिनींना कोणी विचारलेच नाही." आणि ते अगदी खरे होते. थोरली सून तेव्हा आत ओटा पुसत होती. तिला बाहेर बोलावून नवऱ्याने विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा जाऊन पाहीन. पण माझ्याबरोबर आत कोणी बसू नये, आणि परत आल्यावर काय बोललीस असे कोणी विचारू नये." सासरे रोजचा जमाखर्च वहीत स्वतः लिहितात. त्यांनी चष्मा पुसला आणि ते म्हणाले, "फीचे पैसे मी औषधपाणी ह्या सदराखाली मांडीन." त्या घरात ह्याहून स्पष्ट संमती मिळणे शक्य नव्हते.

ज्या घरांत अशी संमती मिळेल त्यांनी पुढे जावे कोणाकडे, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ह्या क्षेत्रात तीन प्रकारची माणसे असतात. मनोविकारतज्ज्ञ हा एम. बी. बी. एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेला डॉक्टर; औषध तोच देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा औषध देत नाही. तो तपासण्या करतो आणि बोलण्याचे उपचार करतो, व १९९२ च्या कायद्याने चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असावी लागते. समुपदेशक हा बहुधा मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास केलेला असतो. पदवी कोणती, नोंदणी कोठे, अशा प्रकारच्या दुखण्याचा अनुभव किती, फी किती, हे पहिल्या भेटीत नि:संकोच विचारावे. जो ह्या प्रश्नांनी रागावतो, किंवा एकाच बैठकीत बरे करून देतो म्हणतो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. बैठक साधारण पाऊण तास ते एक तासाची, आठवड्यातून एकदा. कित्येक पद्धतींत आठ ते वीस बैठका पुरतात. खासगी फी काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत जाऊ शकते. ज्यांस ती परवडत नाही त्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण म्हणून तपासणी होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. तेथे मराठीतही बोलता येते.

आरंभ केल्यावर पहिल्या दोन-तीन भेटींत कधी कधी मन अधिकच जड होते. गळू कापल्यावर काही दिवस ठणकते, तसा हा प्रकार असतो. म्हणून चार-पाच बैठका होईपर्यंत निकाल देऊ नये. त्यानंतर मात्र रुग्णाने स्वतःस विचारावे की, झोप, काम, माणसांत मिसळणे ह्यांत तसूभर तरी फरक पडला काय, आणि ह्या माणसापाशी मला मोकळे वाटते काय. वाटत नसेल तर तसे त्यास सांगून दुसऱ्याकडे जाण्यात गैर काही नाही. आजार जोराचा असेल तेव्हा बोलण्याबरोबर औषधही लागते, आणि नैराश्यावरील औषधाचा गुण दिसावयास दोन ते सहा आठवडे लागू शकतात, हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण आठ दिवसांतच गोळ्या टाकून देतात. तसे करू नये. बंद करावयाचे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.

दोन प्रसंगी मात्र ही सावकाश चर्चा करीत बसण्यास वेळ नसतो. माणूस मरणाविषयी बोलू लागले, 'माझ्यावाचून तुमचे बरे चालेल' असे म्हणू लागले, किंवा पुरते जागे असता त्यास कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले, संशयाने त्याने अन्नपाणी सोडले, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि तोवर त्यास एकटे सोडू नये. 'मरणाचा विचार मनात येतो काय?' असे सरळ विचारल्याने तो विचार नव्याने शिरतो ही भीती खोटी आहे. विचारल्याने बहुधा त्या माणसास सुटल्यासारखे वाटते.

उलट, प्रत्येक दुःखास समुपदेशनच हवे असेही नाही. कित्येकदा माणसाचे मन बिघडलेले नसते, घराची मांडणी बिघडलेली असते. ह्या बाईंच्या समुपदेशिकेने तिसऱ्या की चौथ्या बैठकीत त्यांस विचारले, "तीन वर्षे रात्रीची पाळी एकट्या तुमच्यावरच का होती?" त्यांस उत्तर देता आले नाही, कारण हा प्रश्न त्या घरात कधी उद्भवलाच नव्हता. दोन मुलगे निरोगी, कमावते, आईवर जीव टाकणारे. परंतु आईची रात्र ही सुनेची, हे कोणी न ठरविताच ठरून गेले होते. ज्या घरास अशा प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नाही, त्याने सुनेस बरे करून आणा म्हणून समुपदेशकाकडे पाठवू नये. तेथे जाणाऱ्या माणसात बदल होणार असेल तर मागे राहणाऱ्यांनाही थोडे बदलावे लागते.

त्या बाई दर गुरुवारी सायंकाळी जात राहिल्या. गुरुवारचा स्वयंपाक धाकट्या जावेने पत्करला; पुढे दोघे भाऊही पोळ्या लाटावयास शिकले. कोणी काही विचारले नाही. बैठका बारा झाल्या. झोप हळूहळू सुधारली. महिन्यातून एखाददुसरी रात्र अजूनही मोडते. पण त्या क्षणाच्या सुटकेचा अर्थ त्यांनी आता निराळा लावला आहे. थकलेल्या देहाचा तो निःश्वास होता. त्याने प्रेम खोटे ठरत नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी देवघरातील उपकरणी घासताना ती घंटा त्यांच्या हाती आली. सासरे जवळच बसले होते. त्यांनी, का कोण जाणे, समुपदेशिकेस सांगितलेले ते वाक्य त्या दिवशी सासऱ्यांस सांगितले. सासरे पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सूनबाई, ती गेली तेव्हा मलाही तसेच वाटले होते. मी कोणाला बोललो नाही." एकाच घरात, एकाच पंक्तीस जेवणारी दोन माणसे तेच ओझे घेऊन जवळजवळ वर्षभर वावरत होती.

प्रत्येक घरात असे घडेल असे आम्ही म्हणत नाही. कित्येक गोष्टी परक्यापाशी बोलल्या जातात आणि तेथेच राहतात, आणि त्यातही कल्याणच असते. ज्या वाचकांनी आम्हांस सहीवाचून पत्रे लिहिली त्यांस आमचे सांगणे इतकेच: घरातील त्या माणसास प्रथम विचारा, किती दिवस झाले आणि काय काय अडले, मग विचारा, कोणाशी बोलावेसे वाटते. त्याचे उत्तर 'तुमच्यापैकी कोणाशी नाही' असे आले तर वाईट वाटून घेऊ नका. आठवड्यातला एक तास त्यास मोकळा करून द्या, फी औषधपाण्याच्या सदरात लिहा, आणि तो परत आला म्हणजे चहा द्या. प्रश्न विचारू नका.